दोन हातांचा पिचर आणि एक नियम

१९ जून २००८ ची संध्याकाळ. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, कोनी आयलंडच्या समुद्राला लागून असलेल्या छोट्या स्टेडियमवर बेसबॉलचा एक सामना संपत आला होता. ब्रुकलिन सायक्लोन्स विरुद्ध स्टेटन आयलंड यँकीज. दोन्ही संघ व्यावसायिक बेसबॉलच्या अगदी खालच्या पायरीवरचे, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा पातळीच्या सामन्याला जितकी किंमत तितकीच या सामन्याला. नववी आणि शेवटची इनिंग, दोघे बाद झालेले, एक गडी बाद केला की सगळे घरी.

पिचर होता पॅट वेंडिटी, वय बावीस, व्यावसायिक कारकिर्दीतला पहिलाच सामना. त्याच्यासमोर आला राल्फ हेन्रिकेझ. हा स्विच हिटर, म्हणजे डावखुरा होऊनही बॅट फिरवू शकतो आणि उजवा होऊनही. हेन्रिकेझ एका बाजूला उभा राहिला. वेंडिटीने हातातला ग्लोव्ह काढला, दुसऱ्या हातात चढवला आणि चेंडू टाकायचा हात बदलला. हेन्रिकेझ चालत पलीकडच्या बाजूला गेला. वेंडिटीने परत ग्लोव्ह बदलला. हेन्रिकेझ परत इकडे आला. ग्लोव्ह परत तिकडे. प्रेक्षक हसायला लागले. अंपायर एकमेकांकडे बघायला लागले, मग मैदानावर त्यांची चर्चा सुरू झाली. मग दोन्ही संघांचे मॅनेजर बाहेर आले. कित्येक मिनिटं एकही चेंडू पडला नाही.

कॉम्प्युटर शिकलेल्यांनी हा प्रकार लगेच ओळखला असेल. याला आमच्या भाषेत लाइव्हलॉक म्हणतात. दांडिया बाजारच्या एखाद्या गल्लीत दोन स्कूटरवाले समोरासमोर येतात, दोघेही सज्जनपणे एकाच बाजूला वळतात, मग दोघेही दुसऱ्या बाजूला वळतात. कुणीच थांबलेलं नाही, दोघेही काम करताहेत, पण पुढे कुणीच जात नाही. अशा वेळी बाहेरून कुणीतरी सांगावं लागतं, की आधी तू ठरव. अंपायरांनी शेवटी तेच केलं. हेन्रिकेझला सांगितलं, आधी तू बाजू निवड. त्याने उजवी निवडली. वेंडिटीने उजव्या हाताने चेंडू टाकले आणि त्याला बाद केलं. सामना संपला. हेन्रिकेझने रागाने बॅट जमिनीवर आपटली.

या सदरात मी क्रिकेट सोडून काहीतरी भलतंच लिहितो अशी तक्रार अधूनमधून येते, ती मान्य करून आज थेट बेसबॉलवर आलो आहे. नियम येत नसले तरी चालेल, दोनच गोष्टी लक्षात ठेवा. पिचर साठ फुटांवरून चेंडू टप्पा न पाडता फेकतो, आणि चेंडू कोणत्या हाताने येतोय याला तिथे फार महत्त्व असतं. उजव्या हाताच्या पिचरचा स्लायडर उजव्या बॅटरपासून दूर जातो, म्हणजे आपल्याकडे लेगस्पिन उजव्या फलंदाजापासून दूर जातो तसा. तोच चेंडू डावखुऱ्या बॅटरच्या दिशेने आत येतो आणि त्याला तो आधीपासून नीट दिसतो. म्हणून ‘सारख्या हाताला सारखा हात’ हा पिचरच्या फायद्याचा हिशेब, आणि ‘उलट्या हाताला उलटा हात’ हा बॅटरच्या फायद्याचा. २०२० च्या आधी मॅनेजर सामन्याच्या शेवटच्या इनिंगमध्ये एका डावखुऱ्या बॅटरसाठी डावखुरा पिचर आणायचे आणि पुढचा बॅटर उजवा आला की त्याला परत बसवायचे. सगळं डोकं यातच जायचं.

मग एकाच माणसाला दोन्ही हातांनी टाकता आलं तर? कागदावर विचार केला तर असा माणूस सोन्याच्या मोलाचा. आपण त्याला सरळ सव्यसाची म्हणू, अर्जुनाचं नाव. अर्जुन दोन्ही हातांनी बाण सोडायचा म्हणून त्याला ते नाव मिळालं, हे लहानपणी गोष्टीत ऐकलेलं असतं. वेंडिटीची कारकीर्द बघताना मला मात्र सारखं हे जाणवत राहिलं, की कागदावरचा हिशेब आणि मैदानावरचा हिशेब यात किती अंतर असतं.

पॅटचा जन्म ३० जून १९८५ चा, अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरातला. मुळात तो उजव्या हाताचा. वडिलांचं नावही पॅट. त्यांनी मुलगा तीन वर्षांचा असल्यापासून त्याला दोन्ही हातांनी फेकायला शिकवलं. नुसता हात बदलून भागत नाही. पिचरचा अर्धा जोर पायातून आणि कमरेतून येतो. म्हणून वडिलांनी त्याला अमेरिकन फुटबॉलचा चेंडू दोन्ही हातांनी फेकायला आणि दोन्ही पायांनी लाथाडायला लावला, म्हणजे डाव्या हाताने टाकताना कोणता पाय कसा उचलायचा ते शरीराला कळेल. घराच्या मागच्या अंगणात सरावाची जाळी उभी केली.

इथे मी जरा अडखळतो. आमच्या घरात चार वर्षांची मुलगी आहे आणि ती डावखुरी आहे. वरणभात खाताना आजी तिच्या डाव्या हातातला चमचा काढून उजव्यात देते, दोन घास होतात, चमचा परत डावीकडे जातो. प्रसादाला डावा हात पुढे केला की घरातले तीन जण एकदम ‘उजवा, उजवा’ म्हणतात. आजीशी मी यावर भांडत नाही, पण बायकोचं आणि माझं ठरलं आहे की पेन्सिल मात्र तिला हवी त्या हातात राहील. आता गंमत बघा, वेंडिटीच्या वडिलांनी केलं ते वरवर पाहता आजीच्याच जातीचं काम. मूल ज्या हाताचं आहे त्यावर समाधान न मानता दुसरा हात वापरायला लावणं. पण आपल्याकडे एक हात काढून घेऊन दुसरा दिला जातो. त्यांनी पहिला तसाच ठेवून दुसरा जोडला. तरीही तीन वर्षांच्या पोराच्या पुढच्या तीस वर्षांचा नकाशा बापाने काढावा का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. आपल्या आजूबाजूला अबॅकसपासून कोडिंगपर्यंतच्या क्लासला जाणारी पोरं बघितली की तर अजिबातच नाही. वेंडिटीच्या बाबतीत एवढं खरं, की मोठा झाल्यावरही त्याने ते सोडलं नाही, आणि तो सोडू शकत होता.

त्याच्या ग्लोव्हबद्दल सांगायलाच हवं. बेसबॉलमध्ये चेंडू झेलायचा ग्लोव्ह एका हाताचाच असतो. वेंडिटीसाठी मिझुनो या जपानी कंपनीने खास ग्लोव्ह बनवला, सहा बोटांचा. मधे चार बोटं आणि दोन्ही टोकांना दोन अंगठे. कोणत्याही हातात घाला, बसतो. एक अंगठा रिकामा राहतो. मला या सगळ्या कहाणीत सर्वात जास्त आवडलेली वस्तू हीच.

ओमाहातल्याच क्रेटन विद्यापीठात तो शिकला. तिथे त्याला कुणी शिष्यवृत्ती देऊन बोलावलं नव्हतं, स्वतः जाऊन चाचणी देऊन तो संघात शिरला. २००७ मध्ये न्यूयॉर्क यँकीजने त्याला ड्राफ्टमध्ये निवडलं, पण ४५ व्या फेरीत. म्हणजे ताटातलं सगळं संपल्यावर वाढायला आलेली चटणी. तो गेला नाही. कॉलेजचं शेवटचं वर्ष पूर्ण केलं. २००८ मध्ये त्याच यँकीजने परत निवडलं, या वेळी २० व्या फेरीत, देशभरातून ६२० वा. या वेळी तो गेला आणि काही दिवसांतच तो ब्रुकलिनचा प्रसंग घडला.

त्या एका प्रसंगाने त्याचं नाव वर्तमानपत्रात आलं आणि नियमात भर पडली. पंचांच्या संस्थेने त्याच उन्हाळ्यात मार्गदर्शक सूचना काढली आणि पुढे ती मेजर लीगच्या नियमपुस्तकात गेली. आजचा नियम असा: पिचरने चेंडू टाकण्याआधी अंपायर, बॅटर आणि धावपटूंना दिसेल अशा रीतीने हात जाहीर करायचा. ग्लोव्ह दुसऱ्या हातात घालून पिचरच्या पट्टीला पाय लावला की झालं जाहीर. त्यानंतर तो बॅटर बाद होईपर्यंत, बेसवर पोचेपर्यंत किंवा त्याच्या जागी दुसरा बॅटर येईपर्यंत हात बदलता येणार नाही. फक्त दुखापत झाली तर बदलायचा, आणि मग सोडलेला हात त्या सामन्यात परत वापरायचा नाही. हात बदलल्यावर सरावाचे चेंडूही मिळणार नाहीत. लोक याला ‘वेंडिटी नियम’ म्हणतात. पुस्तकात त्याचं नाव नाही, नुसता ५.०७ (एफ) असा क्रमांक आहे.

नियम लिहिणाऱ्याचं कौतुक वाटतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज हेच करत असतो: कुणीतरी कल्पनाही न केलेली स्थिती येते, प्रोग्राम गोल गोल फिरायला लागतो, मग आपण एक ओळ वाढवतो. पण प्रत्येक वाढवलेली ओळ कुणाच्या तरी बाजूने झुकतेच. ही झुकली बॅटरच्या बाजूने. ब्रुकलिनमध्ये अंपायरांनी बॅटरला आधी ठरवायला लावलं होतं; नियमाने पिचरला आधी ठरवायला लावलं. म्हणजे समोर स्विच हिटर असेल तर वेंडिटी हात जाहीर करणार, आणि मग बॅटर आपल्या सोयीची बाजू घेणार. ज्या प्रकारच्या बॅटरमुळे नियम झाला, नेमक्या त्याच्यासमोर दुसऱ्या हाताचा काही उपयोग उरला नाही. ज्याच्यामुळे नियम आला त्यालाच तो जड गेला.

वेंडिटी काही पहिला नव्हता. १८८० च्या दशकात टोनी मुलेन नावाचा आयर्लंडमध्ये जन्मलेला पिचर दोन्ही हातांनी टाकायचा. तेव्हा पिचर ग्लोव्ह घालत नसत, त्यामुळे तो दोन्ही हात समोर धरून उभा राहायचा आणि चेंडू कुठल्या हातातून सुटणार हे बॅटरला शेवटपर्यंत कळायचं नाही. त्यानंतर मात्र मोठा खंड. शंभराहून जास्त वर्षांनी, २८ सप्टेंबर १९९५ ला, मॉन्ट्रियल एक्सपोजच्या ग्रेग हॅरिसने सिनसिनाटी रेड्सविरुद्ध एका इनिंगमध्ये दोन्ही हात वापरले. हॅरिस मूळचा उजवा. कित्येक वर्षं तो डाव्या हाताने टाकू द्या म्हणून मागे लागला होता आणि आधीच्या एका संघाने त्याला साफ नाही सांगितलं होतं, खेळाची थट्टा होईल म्हणून. एक्सपोजनी परवानगी दिली तेव्हा तो ३९ वर्षांचा होता, कारकीर्द संपायला आलेली. त्या दिवशीचा त्याचा ग्लोव्ह आता बेसबॉलच्या संग्रहालयात आहे. ती एकच इनिंग.

म्हणजे वेंडिटी वेगळा कुठे ठरतो? मुलेनच्या काळचा खेळ वेगळा होता, हॅरिसची ती हौस होती. दोन्ही हातांवर पोट भरायचं ठरवून आधुनिक बेसबॉलमध्ये उतरलेला माणूस वेंडिटीच.

आणि ते पोट भरणं सोपं नव्हतं. अमेरिकेतल्या मायनर लीगची रचना एखाद्या जिन्यासारखी असते. त्या काळात सगळ्यात खाली रूकी आणि शॉर्ट सीझन असायचे, मग सिंगल ए, डबल ए, ट्रिपल ए, आणि वर मेजर लीग. प्रत्येक पायरीवर गर्दी, वर जागा थोड्या. त्या वर्षांत खालच्या पायऱ्यांवर नव्या खेळाडूला महिन्याला हजार-दीड हजार डॉलर मिळायचे, तेही फक्त हंगामाचे पाच-सहा महिने. बाकीच्या दिवसांत दुसरं काम शोधायचं. मेजर लीगमध्ये २०१५ साली वर्षाचा किमान पगार ५,०७,५०० डॉलर होता. हंगामाच्या दिवसांनी भागलं तर वरचा एक दिवस खालच्या एका महिन्यापेक्षा जास्त पैसे देतो. ट्रिपल एमध्ये वर्षानुवर्षं फोनची वाट बघणारे तिशीतले लोक तिथे का थांबतात, याचं उत्तर या एका भागाकारात आहे.

पहिल्या वर्षी वेंडिटीने स्टेटन आयलंडसाठी २३ सामने शेवटी येऊन राखून दिले. त्याचा ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी, ०.८३ होता. पुढच्या वर्षी सिंगल ए, तिथेही चांगला. मार्च २०१० मध्ये यँकीजने त्याला हंगामापूर्वीच्या एका सराव सामन्यात अटलांटा ब्रेव्ह्जविरुद्ध उतरवलं. दोन्ही हातांनी टाकलं, लोकांनी फोटो काढले, आणि तो परत खाली गेला. २०११ मध्ये डबल ए. २०१२ मध्ये ट्रिपल एला पोचला आणि त्याच वर्षी उजवा खांदा फाटला, शस्त्रक्रिया झाली.

इथे एक सोपा हिशेब कोसळतो. तो म्हणजे, दोन हात आहेत, एक गेला तर दुसरा आहेच. आम्ही ऑफिसात ज्याला बॅकअप सर्व्हर म्हणतो तसं. प्रत्यक्षात असं होत नाही. संघात त्याला जागा मिळाली होती ती दोन हातांचा म्हणून. एका हाताचा वेंडिटी म्हणजे ताशी ८०-८५ मैलांनी टाकणारा एक साधा डावखुरा पिचर, आणि तसे पुष्कळ होते. शिवाय खांद्याला चिरा पडलेल्या माणसाला आख्ख्या शरीराची विश्रांती लागते. दोन्ही इंजिनं एकाच विमानाला जोडलेली होती.

वेगाचा मुद्दा महत्त्वाचाच. उजव्या हाताने तो वरून सरळ टाकायचा, वेग ताशी ८५ ते ९० मैलांच्या मधे. डाव्या हाताने खांद्याच्या खालून, बाजूने, आणखी हळू, पण त्याचा स्लायडर बाजूने असा सरकायचा की डावखुऱ्या बॅटरला पकडणं अवघड. त्याच काळात मेजर लीगमधल्या वेगवान चेंडूची सरासरी ९२-९३ मैलांवर गेली होती आणि दरवर्षी वाढत होती. म्हणजे दोन हात असले तरी एकेक हात वेगळा तोलला तर दोन्ही जेमतेम. यँकीजच्या लोकांना हे दिसत होतं. सात वर्षं त्यांनी त्याला ठेवून घेतलं, पण वर बोलावलं नाही.

२०१४ च्या शेवटी तो मोकळा झाला आणि ओकलंड अॅथलेटिक्सने त्याला घेतलं. २०१५ च्या हंगामात नॅशव्हिलला, ट्रिपल एमध्ये, तो आयुष्यातलं सर्वोत्तम टाकत होता. ५ जून २०१५ ला फोन आला. त्याच रात्री बोस्टनच्या फेनवे पार्कवर, अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या मेजर लीग मैदानावर, तो माउंडवर उभा राहिला. तिशी पूर्ण व्हायला २५ दिवस बाकी होते. ब्रुकलिनच्या त्या संध्याकाळपासून सात वर्षं व्हायला दोन आठवडे कमी. त्याने दोन इनिंग टाकल्या, डावखुऱ्यांना डाव्या हाताने आणि उजव्यांना उजव्या हाताने, आणि एकही धाव दिली नाही. हॅरिसनंतर वीस वर्षांनी मेजर लीगमध्ये हे घडत होतं.

चित्रपट असता तर इथे संपला असता. पण आठ-दहा दिवसांत त्याचा उजवा खांदा परत दुखावला आणि तो जखमींच्या यादीत गेला. ऑगस्टमध्ये परतला. त्या वर्षी एकूण २६ सामने, ईआरए ४.४०. वाईट नाही, पण चांगलाही नाही. हंगाम संपल्यावर ओकलंडने नाव यादीतून काढलं आणि टोरंटोने उचललं. २०१६ मध्ये टोरंटोकडून ८ सामने, मग सिअॅटलकडे, तिथे ७. २०१७ मध्ये फिलाडेल्फियाने घेतलं आणि आख्खं वर्ष ट्रिपल एमध्ये ठेवलं. २०१८ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सकडून १५ सामने, ईआरए २.५७. हे त्याचं मेजर लीगमधलं सर्वात नीटस वर्ष, आणि डॉजर्स त्या वर्षी वर्ल्ड सिरीजपर्यंत गेले. पण वर्षभर तो वरखाली होत राहिला: कुणी जखमी झालं की वर, तो बरा झाला की खाली. २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोकडून २ सामने. २०२० मध्ये मायामीकडून ३. मधल्या काळात इटलीच्या संघातून दोनदा जागतिक स्पर्धाही खेळून झाली, पूर्वजांच्या देशाकडून.

मेजर लीगच्या संघात तेव्हा २५ खेळाडू असायचे, त्यात शेवटच्या इनिंगमध्ये येणारे पिचर सात-आठ. यातला शेवटचा म्हणजे आठवा पिचर कोण असावा, यावर त्याची सगळी कारकीर्द चालली. कागदावर तो दोन माणसांचं काम एका जागेत करत होता. पण त्या आठव्या जागेसाठी मॅनेजरला आणखी एक गोष्ट हवी असते, की या पोराला आज खाली पाठवून उद्या वर आणता यावं, विनातक्रार, विनाधोका. अशा तरुण पोरांची ट्रिपल एमध्ये रांग असते. आणि ती पोरं ९५ मैलांनी टाकतात.

याच संदर्भात एक गोष्ट मला फार चटका लावून गेली. २०२० मध्ये मेजर लीगने नवा नियम आणला: आत आलेल्या पिचरने किमान तीन बॅटरना तरी टाकलं पाहिजे, किंवा इनिंग संपवली पाहिजे. एका डावखुऱ्यासाठी आणायचं आणि लगेच बसवायचं, हा प्रकार बंद. आता तीन बॅटर म्हणजे डावा, उजवा, डावा असेही येऊ शकतात. म्हणजे दोन्ही हातांच्या माणसाची गरज कधी नव्हे इतकी वाढली. वेंडिटी त्या वर्षी पस्तिशीला पोचला. साथीमुळे हंगाम ६० सामन्यांवर आला होता, मैदानं रिकामी होती, मायनर लीग पूर्ण बंद होती. मायामीसाठीचे ते तीन सामने त्याचे शेवटचे ठरले.

आपल्याला याचं आणखी जवळचं उदाहरण हवं असेल तर विदर्भाचा अक्षय कर्णेवार आहे. दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा. नोव्हेंबर २०२१ मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्याने चार षटकं टाकली, चारही निर्धाव, दोन बळी. टी-२० मध्ये चारही षटकं निर्धाव टाकणारा तो पहिला पुरुष गोलंदाज. क्रिकेटचा नियम इथे बेसबॉलपेक्षा सैल आहे: हात बदलायचा तर अंपायरला सांगायचं, अंपायर फलंदाजाला सांगतो, बस्स. एकाच षटकात हवा तितक्या वेळा बदला. न सांगता बदलला तर मात्र नो-बॉल. फलंदाजाने ऐनवेळी स्विच हिट मारला तर त्याने कुणालाच सांगायचं नसतं, हा भाग वेगळा. गोलंदाजांनी यावर चिडणं मला पटतं.

वेंडिटीचा मेजर लीगमधला हिशेब असा उरतो: ६ संघ, ६१ सामने, २ विजय, २ पराभव, ईआरए ४.७३. अमेरिकन लिखाणात त्याचा उल्लेख बहुतेक वेळा गमतीदार माहिती म्हणून येतो, सहा बोटांचा ग्लोव्ह आणि तो ब्रुकलिनचा व्हिडिओ. मला ते अन्यायाचं वाटतं. ६२० व्या क्रमांकावर निवडलेल्यांपैकी बहुसंख्य मुलं फेनवे पार्कवर कधी उभी राहत नाहीत. तो २००८ ते २०२० अशी तेरा वर्षं या धंद्यात टिकला, खांद्याची शस्त्रक्रिया पचवून. दुसरा हात नसता तर त्याला ४५ व्या फेरीतही कुणी उचललं नसतं, हे जवळजवळ नक्की. आणि दुसरा हात असल्यामुळेच त्याला आधी प्रयोग म्हणून बघितलं गेलं आणि पिचर म्हणून नंतर, हेही मला तितकंच नक्की वाटतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्यातली कुठली जड हे मी ठरवू शकलेलो नाही.

२०२४ च्या ड्राफ्टमध्ये सिअॅटल मरिनर्सने जुरांजेलो सेंटिए या कुरासाओ बेटावरच्या मुलाची निवड केली. हाही दोन्ही हातांचा पिचर, पण वेंडिटीच्या उलट, मुळात डावखुरा. उजवा हात त्याने नंतर शिकला आणि आता त्या शिकलेल्या हाताने तो ताशी ९५ मैलांच्याही वर टाकतो. त्याची निवड पहिल्याच फेरीत झाली, देशात १५ वा. संघाने घेताना हा प्रयोग आहे का असं कुणी फारसं विचारलं नाही. चर्चा झाली ती कोणता हात सुरुवातीच्या पिचरचा आणि कोणता राखीव, याची. माउंडवर आला की तोही आधी ग्लोव्ह चढवून पट्टीला पाय लावायचा, अंपायरला हात दाखवायचा, आणि मग बॅटर आपली बाजू निवडायचा.